केनियाची सफर आणि घरचें पंचांग

महाबळेश्वर, कोंकण, फार तर काशीयात्रा, एवढ्यावरच ज्या घरांचे सुटीचे बेत पूर्वीं थांबत, त्याच घरांतून हल्लीं आफ्रिकेच्या सफरीच्या गोष्टी निघूं लागल्या आहेत. आमच्या राहुरीसही हें वारें लागलें आहे. त्यांत नवल नाहीं. राहुरीहून मोटारीनें मुंबईस पोंचण्यास जेवढे तास लागतात, सुमारें तेवढ्याच तासांत विमान मुंबईहून नैरोबीस पोंचतें. अंतराची अडचण अशी फारशी उरलेली नाहीं. अडचण आहे ती तिथीवारांची, आणि तिचा विचार प्रवासी कंपन्यांचीं रंगीत पत्रकें आपल्यासाठीं करीत नाहींत.

पहिला बेत अर्थातच उन्हाळ्याच्या सुटीचा होतो. राहुरीचा फुफाटा सोडून थंड हवेंत जावें, हें ठीक. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारें १,७९५ मीटर, म्हणजे महाबळेश्वराहूनही उंच आहे. परंतु विषुववृत्तावरील त्या देशाचा मोठा पावसाळा मार्च ते मे असा असतो. इकडे मुलें मोकळीं, तर तिकडे वाटा चिखलानें भरलेल्या, गवत माजलेलें, आणि त्यांत जनावरें दडलेलीं. मे महिन्याची सफर पत्रकांत स्वस्त दिसते, तिचें इंगित हेंच. जूनचा पहिला पंधरवडा त्या मानानें बरा. शाळा उघडण्यापूर्वीं परततां येतें. पण मृग लागल्यावर शेत असलेल्या घरचा कर्ता माणूस पेरणी टाकून निघणार कसा?

ज्या दृश्यासाठीं लोक मुख्यतः जातात, तें तर जुलै ते ऑक्टोबर या काळांतलें. नू नांवाचीं, बैलाच्या तोंडवळ्याचीं हरणें टांझानियांतील सेरेंगेटीच्या मैदानांतून केनियाच्या मसाई मारा अरण्यांत लाखोंच्या कळपांनीं येतात आणि गवत संपलें कीं परत फिरतात. म्हणजे आपला चातुर्मास आणि त्यांचें स्थलांतर जवळजवळ एकाच वेळीं चालतें! श्रावण, गणपति, पितृपक्ष, नवरात्र. यांतून आठ दिवस काढावेत कोठून? जानेवारी-फेब्रुवारींत तिकडे हवा कोरडी असते, सिंह-हत्तीही भरपूर दिसतात. परंतु घरांत दहावी-बारावीचें मूल असेल तर त्या महिन्यांचें नांवच काढूं नये.

उरते दिवाळी. येथें मात्र पंचांग उघडून पाहावें. तिकडचा लहान पावसाळा साधारणतः ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत असतो. अधिक मासामुळें २०२६ सालीं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरास, म्हणजे नेमकें पावसांत आलें. २०२८ सालीं तें १७ ऑक्टोबरास येतें. अशा वर्षीं भाऊबीज आटोपून निघाल्यास परतीच्या वाटेवरचे कळप दिसण्याचा संभव बराच असतो. बहिणीचें ताट चुकवून सिंह पाहावयास जावें, असें आम्ही तरी कोणास सांगणार नाहीं.

तिथीहूनही नाजूक बाब पीतज्वराच्या लशीची आहे. हा रोग आपल्या देशांत नाहीं. पण तो फैलावणारा एडीस जातीचा डांस येथें मुबलक आहे. म्हणून केनियाहून परतणाऱ्याजवळ लशीचा दाखला नसल्यास सरकार त्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवूं शकतें. दाखला टोंचल्यानंतर दहा दिवसांनीं लागू होतो आणि जन्मभर चालतो. परंतु नऊ महिन्यांखालील मुलांस ही लस देत नाहींत, आणि साठीपुढील माणसांस ती प्रथमच देतांना धोका अधिक असतो. एकत्र कुटुंबाची गांठ येथेंच बसते. ज्या आजींनीं चाळीस वर्षें घर संभाळलें त्यांनाच, ‘तुम्ही घर सांभाळा,’ असें सांगण्याची पाळी येते. आमचें मत असें कीं, पैसे भरण्यापूर्वीं वडील माणसांस डॉक्टरांकडे न्यावें. नकार आला तर केनियास एकट्या तरुणांनीं जावें, आणि त्याच वर्षीं आजींच्या पसंतीची एक निराळी यात्रा सर्वांनीं मिळून करावी. आणि तिचे पैसे आधीं बाजूस काढावेत.

जेवणाची काळजी मात्र नको. १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे बांधण्यास हिंदुस्थानांतून सुमारें बत्तीस हजार मजूर, बहुतेक पंजाबांतले, नेले गेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेंच दगावले. मागोमाग गुजराती दुकानदारांची वस्ती वाढली. स्वाहिली भाषेंत दुकानाला ‘डुका’, पैशाला ‘पेसा’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात, तें या सहवासामुळें. शाकाहारी जेवण नैरोबींत सहज मिळतें. चिवडा-लाडू न्यावयाचे असल्यास डब्यांत न्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना त्या देशांत २०१७ पासून बंदी आहे.

आणि मुलांना त्यापूर्वीं एकदां आपल्याच जिल्ह्यांतील रेहेकुरीस न्यावें. १९८० सालीं स्थापन झालेलें काळविटांचें हें अभयारण्य अवघें सव्वादोन चौरस किलोमीटरांचें आहे. मसाई मारा सुमारें दीड हजारांचें. दोन्हीकडे जनावर दिसेपर्यंत गप्प बसावें लागतें. तासभर न बोलतां बसणें आपल्या पोरांना कितपत जमतें, तें कर्जत तालुक्यांतच समजून येईल.