सिस्टरच्या हातातला फोन

बेडसोअरचा फोटो पाठवायचा तर जखमेशेजारी मोजपट्टी धरायची. उजेड दर वेळी तोच, अंतर तेच. तरच मागच्या आठवड्याची जखम आणि आजची यांत फरक कळतो. जाणती सिस्टर फोटोखाली लिहितेच: वास येतोय का, पू किती, भोवतालची कातडी गरम लागते का. कॅमेऱ्याला यातलं काही कळत नाही. सावळ्या कातडीवर तर सुरुवातीची लालीसुद्धा फोटोत उमटत नाही. तिथे हातच लावून बघावा लागतो.

*

ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघरी पोचला. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतं, असं डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलं. आकडा ९५ आहे, पण आजोबांना एक वाक्य पुरं करताना धाप लागते, तर डॉक्टरांना आधी धाप कळवायची.

*

आपल्याकडची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ची. नर्स किंवा एएनएम रुग्णाजवळ बसून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलू शकते, हे त्यांत स्पष्ट आहे. मोठी सोय झाली. मात्र नार्कोटिक औषधं अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. म्हणजे मॉर्फिनही नाही. गैरवापराची भीती मला पटते. पण कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस खेड्यातल्या घरी तळमळतोय, सिस्टर उशाशी आहे, डॉक्टर पडद्यावर त्याला बघताहेत, आणि नव्या चिठ्ठीसाठी घरच्यांनी शहर गाठायचं? ओळखीच्या, नोंद असलेल्या रुग्णापुरती तरी यातून वाट काढायला हवी.

*

व्हिडिओ कॉल लागला की डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा अमेरिकेतून प्रश्न विचारतो, आणि सिस्टर नुसती फोन धरून उभी. रात्रभर जागून आजींना पाहिलंय तिने. पहिला प्रश्न तिलाच विचारायला हवा.

*

डायपर बदलतानाचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही नको. जखमेचा फोटोही फक्त डॉक्टरांना, तोही आजींना विचारून.

*

हे सगळं बहुतेक वेळा सिस्टरच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर चालतं. नर्सिंग ब्युरोतून सिस्टर ठेवणाऱ्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे: रिचार्जचे पैसे पगाराव्यतिरिक्त द्या, आणि पाळी संपवून ती घरी गेली की रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा, तिला मेसेज करू नका.