भाड्याचं जॅकेट

आमच्या दुकानाने या मोसमात एका नव्या ब्रँडची डीलरशिप घेतली आणि तिच्याबरोबर एक नियम आला. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रक्टरने आणि डाइव्हमास्टरने दुकानात विकायला ठेवलेलंच सामान अंगावर घालायचं. हवा भरून तरंगायचं जॅकेट, श्वासाचा रेग्युलेटर, फिन्स, वेटसूट, सगळं. आम्हाला सवलत आहे, पण पैसे आमचे. पगारातून हप्त्याने कापून घेणार. माझा या नियमाला विरोध आहे. तरीही शिकवायच्या दिवशी मी आता माझं स्वतःचं सामान घालत नाही. दुकानाचं घालतो, पण मालकाला हवंय ते नव्हे.

माझं सामान कसं आहे ते आधी सांगतो, कारण त्यात माझा जीव आहे. पाठीवर स्टीलची प्लेट, तिच्यातून ओवलेला एकसंध पट्टा, मागे विंग. तोंडातल्या रेग्युलेटरचा होज सात फुटी. तो छातीवरून मानेमागे फिरवून घ्यायचा. दुसरा रेग्युलेटर हनुवटीखाली रबराच्या फासात. पायात जुन्या पद्धतीच्या जड रबरी जेट फिन्स. ही सगळी मांडणी फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये घडली. तिथे बोगदा इतका अरुंद असतो की दोन माणसांना एकामागे एकच जाता येतं, म्हणून हवा द्यायला लांब होज. इथे, चेन्नईजवळच्या कोवळमपासून नावेने बाहेर गेलं की खाली वाळू असते, खडकांचे पट्टे असतात, तुटलेली जाळी असतात. गुहा एकही नाही. मग मी ते का घालत होतो? त्यातली सुरक्षितता खरी आहे, मी तिच्यावर तासभर बोलू शकतो. पण खरं कारण हे की ते देखणं होतं. शेजारच्या दुकानाच्या नावेवरची पोरं मान वळवून बघायची. आमचा नाववाला मला ‘मास्टर’ म्हणतो, आणि ती प्लेट खांद्यावर चढवताना त्या शब्दाला मी लायक आहे असं मला वाटायचं. मालवणहून या शहरात आलो तेव्हा मला तमिळ येत नव्हतं. अंगावरचं सामानच माझ्या वतीने बोलायचं.

मग एक विद्यार्थिनी आली. नाशिकची, इथे ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत इंजिनिअर. सावकाश शिकणारी, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारी. मला असे विद्यार्थी आवडतात. त्या दिवशी पाणी हिरवं होतं, हाताच्या अंतरापलीकडचं धूसर. हवा संपल्याची खूण करायचा सराव चालू होता. तिने खूण केली आणि तिचा हात सरळ माझ्या उजव्या बरगडीवर आला. तिच्या स्वतःच्या जॅकेटवर ऑक्टोपस, म्हणजे जोडीदाराला द्यायचा जादा रेग्युलेटर, तिथे असतो. माझ्या बरगडीवर नुसता पट्टा होता. मी तोपर्यंत तोंडातला रेग्युलेटर काढून तिच्यासमोर धरला होता. तिने घेतला, श्वास घेतला, आम्ही वर आलो. माझी पद्धत नावेवर तिला सांगितलेली होती, तलावात दाखवलेली होती. सगळं पद्धतशीर झालं. वर आल्यावर तिने विचारलं, “सर, तुमचं माझ्यासारखं का नाही?” मी उत्तर दिलं: तोंडातला रेग्युलेटर चालू असल्याची खात्री असते, घाबरलेला माणूस बहुतेक वेळा तोंडातलाच ओढतो, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण मी अंदमानला गेले, नेत्राणीला गेले, तरी मला असं भाड्याने मिळणार नाही ना?”

नाही मिळणार. तिला मिळेल ते भाड्याचं जॅकेट, आणि तिच्याबरोबर उतरणाऱ्या अनोळखी जोडीदाराच्या अंगावरही तेच.

तेव्हापासून तो बरगडीवर आलेला हात माझ्या डोक्यातून जात नाही. नियम सांगतो की ऑक्टोपस हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणात हवा. माझा हनुवटीखाली होता, म्हणजे त्रिकोणातच होता. पण तिचा हात त्रिकोण शोधत नव्हता. तो शिकलेली जागा शोधत होता. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात डोळे शोधतात, हाताची परीक्षा होतच नाही. चेन्नईत हातच शोधतो. हा किनारा मुळात हातांचा आहे. 2002 साली महाबलीपुरमच्या किनारी मंदिरासमोर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आणि इंग्लंडच्या सायंटिफिक एक्सप्लोरेशन सोसायटीच्या पाणबुड्यांनी पाच ते आठ मीटर खोलीवर बुडालेल्या भिंतींचे अवशेष पाहिले, तेव्हा त्या दगडांवर समुद्री जीवांचा जाड थर चढलेला होता. अशा ठिकाणी दगड घडवलेला आहे की निसर्गाचा, हे आधी हाताला समजतं. आणि हाताला नावेवरचं भाषण ऐकू येत नाही. त्याने जे दहा वेळा केलं तेवढंच त्याला येतं. त्याने ते दहा वेळा कुणाच्या अंगावर केलं, हाच माझा प्रश्न आहे.

एकदा हे दिसलं की बाकीचंही दिसायला लागलं. वजनाचंच घ्या. आमच्याकडे नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर असतो, 11.1 लिटरचा, 207 बारचा. डाइव्हच्या शेवटी तो हलका होऊन वर ओढायला लागतो. माझ्या पाठीवरची प्लेट अडीच किलोच्या आसपास, म्हणजे माझं निम्मं शिसं कण्याच्या रेषेत वाटलेलं. विद्यार्थ्याचं सगळं शिसं कमरेला बेल्टवर. त्याचे पाय खाली जातात, माझे जात नाहीत. मी पाण्यात आडवा, स्थिर, हात बांधून थांबतो. तो माझ्याकडे बघतो आणि आपल्या शरीरातच काही दोष आहे असं समजतो. त्याच्या जॅकेटमध्ये तसं थांबता येतं, पण त्याची युक्ती वेगळी आहे: शिसं थोडं वर सरकवायचं, एखादा तुकडा सिलिंडरच्या पट्ट्याला लावायचा, फुप्फुसाने जास्त काम करायचं. ती युक्ती त्याच जॅकेटमध्ये करून दाखवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी दुकानाचं घालायला लागलो. पण शोरूममधलं नाही. मागच्या खोलीत भाड्याची जॅकेटं टांगलेली असतात तिथलं. सकाळी विद्यार्थी आपापल्या मापाची घेतात, आणि उरलेल्यातलं एक मी घेतो. मालकाच्या आणि माझ्या म्हणण्यात एवढाच फरक आहे, पण सगळा वाद त्या फरकातच आहे.

मालकाची बाजू मला कळते, आणि ती खोटी नाही. बाहेरून येणारं सामान महाग पडतं. दुकानात एकाच ब्रँडचं असलं की सर्व्हिस किट, ओ-रिंग, होज सगळं एकमेकाला लागतं. नावेवर कुणाचा रेग्युलेटर फुसफुसायला लागला तर दुसऱ्याचा भाग काढून बसवता येतो. माझ्या रेग्युलेटरची किट मागवायला मी महिनोन्महिने वाट पाहिलेली आहे. शिवाय विकणं आणि शिकवणं हे आमच्या धंद्यात पहिल्यापासून एकाच टेबलावर बसलेले आहेत. 1966 साली डाइव्हिंगची प्रमाणपत्रं देणारी पाडी ही संस्था सुरू करणाऱ्या दोघांपैकी जॉन क्रोनिन डाइव्हिंगचं सामान विकणारा होता आणि राल्फ एरिक्सन पोहणं शिकवणारा. आज सामान बनवणारी मारेस आणि प्रमाणपत्रं देणारी एसएसआय या दोन्ही हेड कंपनीच्याच छत्राखाली आहेत. सामान विकलं गेलं नाही तर कोवळमच्या रस्त्यावरचं एकही दुकान चालणार नाही आणि माझा पगारही निघणार नाही. विकण्याला माझा आक्षेप नाही.

माझा आक्षेप आहे तो शिक्षकाला बाहुला करण्याला. विद्यार्थी माझ्या अंगावर जे बघतो ते तो चांगलं मानतो. हा विश्वास मी पाण्यात कमावलेला असतो, दुकानाने तो काउंटरवर मोडायचा नसतो. आणि ज्याचा फायदा दुकानाला, त्याचे पैसे माझ्या पगारातून का? बँकेच्या दारावरच्या रखवालदाराला गणवेश स्वतःच्या पैशाने विकत घ्यायला लावणं जितकं अन्यायाचं, तितकंच हे.

या किनाऱ्यावर आता अशी तरुण मुलं दिसतात की दर मोसमाला त्यांचा ब्रँड बदललेला असतो. सामान नवंकोरं, वेटसूटवर एक सुरकुती नाही. त्यातली काही फार छान पोहतात. पण रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज उघडून बसलेला एखादा मुलगा बघून किती दिवस झाले! डायाफ्राम कुठे असतो हे त्यांना चित्रात माहीत असतं. कोर्सही आखडत चाललेत. तलावातला सराव अर्ध्या दिवसात उरकतो, आणि ज्या हाताने ऑक्टोपसची जागा शिकायची त्याला शिकायला वेळच मिळत नाही. माझ्या मालवणात तर याचं दुसरं टोक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती दिवसाला नावांची रांग लागते, पर्यटकाला खाली नेतात, मासे दाखवतात, व्हिडिओ काढून देतात आणि वर आणतात. नेणारी माझ्याच गाबीत समाजाची माणसं. त्यांच्यासारखं पाणी ओळखणारं कुणी नाही. त्यांच्या अंगावर फाटका वेटसूट असतो, कुठला ब्रँड नसतो. पण पर्यटकाच्या हातात काहीच दिलेलं नसतं. गाइडने त्याला धरलेलं असतं, एवढंच. त्याने जॅकेटात हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरच्या बटणाला हातही लावलेला नसतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं तेव्हा मला वाटलं होतं की आता आमची पोरं धरून नेणारी राहणार नाहीत, शिकवणारी होतील. काही झालीही. पण गर्दी अजून धरून नेणाऱ्यांकडेच आहे.

सगळ्यांनी सारखं घालावं असं म्हणणाऱ्यांना मी फिन्सच्या बाबतीत मात्र ठाम नाही म्हणतो. गढूळ पाण्यात विद्यार्थी मला चेहऱ्याने ओळखत नाही, पायाने ओळखतो. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मरतो, काळा तर दिसतच नाही, पिवळा टिकतो. माझ्या जेट फिन्स काळ्या होत्या आणि मला त्यांचा अभिमान होता. आता शिकवताना मी पिवळ्या घालतो. दिसायला त्या मला मुळीच आवडत नाहीत. सगळे दुकानाच्या एकाच काळ्या साच्यात आले तर चार मीटरवर मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण हे कुणालाच कळणार नाही. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटरही ज्याचा त्याचा असावा. मास्क चेहऱ्याचा असतो, आणि कॉम्प्युटरमध्ये त्या माणसाच्या दिवसभराच्या नायट्रोजनचा हिशेब असतो.

भाड्याचं जॅकेट घालायला लागल्यापासून एक गोष्ट घडली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या खोलीतलं सामान सुधारलं. पूर्वी तिथल्या जॅकेटची तक्रार विद्यार्थ्याकडून यायची, आणि विद्यार्थ्याला तर काय नीट आहे आणि काय नाही हेच माहीत नसतं. ऑक्टोपसची क्लिप तुटली तरी तो समजतो की ते असंच लोंबत असणार. खालचा डम्प व्हॉल्व्ह थेंबथेंब हवा सोडत असला तरी तो समजतो की आपल्यालाच तरंगता येत नाही. आता ते माझ्या अंगावर असतं. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुताना मी स्वतः क्लिप बदलतो. ईशान्य मोसमी पावसात नाव बाहेर जात नाही, करंट उलटून दक्षिणेकडे वाहायला लागतो, कोवळमच्या खाडीचं पाणी समुद्र तपकिरी करतं. त्या महिन्यांत आम्ही मागच्या खोलीतलं एकूणएक जॅकेट फुगवून पाण्यात दाबून बघितलं. माझी स्टीलची प्लेट तोवर खुंटीला होती. सुटीच्या दिवशी, विद्यार्थी नसताना, मी ती अजूनही चढवतो आणि अजूनही मला मान वळवणारी पोरं हवी असतात.

आता अडचण उरली आहे ती डाव्या अंगठ्याची. त्याच्या मुळाशी सांधा दुखतो; डॉक्टर म्हणतात, वयाने झिजलाय. माझ्या स्वतःच्या इन्फ्लेटरचं बटण मऊ आहे. भाड्याच्या जॅकेटची बटणं मिठाने कडक होतात, धुतली तरी होतात, आणि पंधरा मीटरवर थोडीथोडी हवा सोडायची असते तेव्हा माझा अंगठा एकदम दाबतो किंवा दाबतच नाही. सहकारी म्हणतात, तेवढा इन्फ्लेटर तुमचा लावा, कोण बघतंय? पण शिकवताना मी जे दाखवतो त्यातलं निम्मं तर त्या बटणावरचं बोटच आहे. मी माझ्यापुरती सोय करून घेतली तर तेच कडक बटण पुन्हा फक्त विद्यार्थ्याच्या अंगठ्याखाली राहील. आणि हल्ली निवृत्त झालेली माणसंही शिकायला येतात, माझ्याच वयाची, माझ्याच अंगठ्याची.

मी मालकाला सांगितलंय: शोरूमसाठी पुढचा माल मागवण्याआधी भाड्याच्या सगळ्या जॅकेटांचे इन्फ्लेटर बदला. मऊ बटणाचे, एकाच जातीचे, तुमच्याच नव्या ब्रँडचे हवे तर. ते म्हणाले की गिऱ्हाईक इन्फ्लेटर बघून जॅकेट घेत नाही. खरंय, घेत नाही. पण त्या रांगेतल्या प्रत्येक जॅकेटला तो बसेल त्या दिवशी त्यांचा ब्रँड मी डोक्यापासून पायापर्यंत घालायला तयार आहे, फक्त पिवळ्या फिन्स सोडून. तोवर माझ्या पगारातून हप्ता कापू देणार नाही.