बोटभर प्ले

भिसे खिंडीच्या चढावर इंजिनचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग वाढला नाही. ॲक्सिलरेटर जेवढा दाबावा तेवढं इंजिन ओरडायचं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने पुढे. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मग वास आला. जळका, कागद आणि रबर एकत्र पेटवल्यासारखा. एकदा नाकात गेला की तो वास विसरत नाही.

मी पेणला नोकरी करते आणि शनिवारी रोह्याला घरी येते. एरवी दिवा-रोहा मेमूने. (रोहा म्हटलं की लोकांना एवढंच माहीत असतं, की इथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते.) त्या आठवड्यात आईचं सामान आणायचं होतं म्हणून गाडी मी नेली होती. 2009 ची मारुती 800, बाबांनी घेतलेली पहिली आणि शेवटची.

बाबांनी बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला. "क्लच गेला. तू पाय ठेवून चालवतेस."

हे वाक्य मी एकोणीस वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. आणि ते चुकीचं नाही, हाच त्रास. इंजिनचं फ्लायव्हील सतत फिरत असतं. त्याच्यावर प्रेशर प्लेट बसवलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट चिमटीत धरल्यासारखी दाबलेली. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर दाबतं आणि चिमटी सैल होते. पाय काढला की परत घट्ट. पण पाय नुसता टेकवून ठेवला तर चिमटी ना धड सैल, ना धड घट्ट. प्लेट घसरत राहते, तापते, झिजते. आणि मुंबई-गोवा हायवेवर, 2011 पासून चाललेल्या त्या रुंदीकरणात, गणपतीच्या आठवड्यात वडखळ नाक्याजवळ दोन तास हाफ क्लचवर कोण सरकलेलं नाही? मी सरकले होते. म्हणून गप्प बसले.

बाबा धाटाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. गाडी गॅरेजला देणं त्यांना कमीपणाचं वाटतं. दोन वर्षांपासून त्यांचा डावा गुडघा धरलाय. जिना उतरताना कठडा धरतात आणि विचारलं की "काही नाही" म्हणतात. आईचं एकच पालुपद असतं, विका ती गाडी. बाबा रोज सकाळी तीच गाडी घेऊन कुंडलिकेच्या काठापर्यंत जातात, चार मित्रांबरोबर चहा पितात, परत येतात. तेवढंच त्यांचं बाहेर जाणं.

"खाली तू जा," ते म्हणाले. "मी सांगतो."

अडीच हजारांच्या आसपास किट आलं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. रविवारी सकाळी पडवीपुढे गाडी वर उचलली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा बाबांचा नियम, म्हणून दोन्ही बाजूंना फणसाचे जाड ठोकळे. गिअरबॉक्स काढला की इंजिनचा एका बाजूचा आधार जातो, तेव्हा दोन्ही मडगार्डवर पोतं टाकून आडवा सागाचा वासा ठेवला आणि त्याला साखळीने इंजिन बांधलं. बॅटरी काढली. गिअर ऑइल पत्र्याच्या डब्यात सोडलं. मग क्लचची केबल.

केबलच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर एक नट. त्या नटाने पेडलचा प्ले ठरतो, म्हणजे पेडल रिकामं किती जातं आणि काम कुठे सुरू करतं ते. साधारण बोटभर प्ले ठेवतात. आमचा नट पार आत गेला होता. त्याच्या मागचे आटे चकचकीत, ग्रीसचा थरही नाही. अलीकडेच कुणीतरी पिळलेला.

"नट बराच आत आहे हो."

वरून उत्तर आलं नाही. "बाराचा पाना दे," एवढंच आलं. खरं तर पाना माझ्याच हातात होता.

पुढचे तीन तास फक्त अंगमेहनतीचे. स्टार्टर, स्पीडोमीटरची केबल, गिअरचे रॉड, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट टॉमीने उचकटून. गिअरबॉक्स सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतका जड वाटतो आणि धरायला कुठेच जागा नसते. जॅकवर फळी ठेवून तो हळूहळू मागे घेतला. आत काळी भुकटी. मी फुंकणार तेवढ्यात बाबा ओरडले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ही कसली आहे कुणास ठाऊक. ओल्या फडक्याने पुसून घेतली.

प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग, तापल्याचे. हे अपेक्षितच होतं. पण प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांची टोकं बघून मी थांबले. बेअरिंग टेकतं तिथे गोल खाच पडली होती. म्हणजे बेअरिंग कधी मागे येतच नव्हतं, चोवीस तास टेकलेलं. पाय टेकवून चालवलं तरी अशी खाच पडते. पण मी गाडी चालवते महिन्यातून दोनदा. आणि प्लेच ठेवला नाही तर पेडलवर कुणाचाही पाय नसताना बेअरिंग टेकलेलंच राहतं.

मी गाडीखालून बाहेर आले आणि प्रेशर प्लेट त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली. त्यांनी अंगठा त्या खाचेवरून फिरवला. एकतीस वर्षांच्या फिटरला काय सांगायचं.

"पूर्ण दाबला जात नव्हता," ते म्हणाले. "गिअर कर्र करायचा."

गुडघा अर्ध्यातच अडकायचा. पेडल तळापर्यंत जायचं नाही, क्लच सुटायचा नाही. म्हणून त्यांनी नट पिळला, अर्ध्या दाबातच सुटावा म्हणून. आमच्यापैकी कुणाला सांगण्यापेक्षा त्यांनी गाडीलाच सांगितलं.

माझ्यावर घेतलेल्या आळाबद्दल ते काही बोलले नाहीत. मला राग आला होता, आणि त्यांच्या अंगठ्याकडे बघून तो धड येतही नव्हता.

जेवून पुन्हा सुरू केलं. नवी प्लेट मध्यावर बसवायला त्यांनी पेरूच्या लाकडाची खुंटी तासून आणली होती, वर टेप गुंडाळून बरोबर मापाची केलेली. प्लेट नेमकी मध्यात नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, एकदम एक नाही. प्लेटला तेलकट बोट लागू द्यायचं नाही, म्हणून मी दोनदा साबणाने हात धुतले. तरीही शाफ्ट शिरायला चाळीस मिनिटं गेली. मी खालून रेटत होते आणि ते वरून इंजिन केसभर फिरवत होते. "आता. नाही, थांब. आता." खट्ट आवाज झाला तेव्हा दोघंही एकदम हसलो.

शेवटी केबल. नट मी लावला. बोटभर प्ले ठेवला. ते बघत होते.

"बसून बघा," मी म्हटलं.

नव्या प्रेशर प्लेटने पेडल हलकं झालं होतं. त्यांनी दाबलं. पाय तळापासून चार बोटं वर थांबला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ओठ आवळून दाबलं, आणि गेलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते उतरले, काही न बोलता वळसा घालून डाव्या दाराने आत बसले.

हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून मी तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. बंद पडायलाच हवं. नुसतं ओरडत राहिलं असतं तर घसरतोय.

"धरतोय," बाबा म्हणाले.

आईने आतून विचारलं, "झाली का गाडी?" आम्ही दोघं एकदमच "झाली" म्हणालो. नटाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर किल्ली कपाटात जाईल, आणि सकाळचा चहासुद्धा. हाडांच्या डॉक्टरांकडे कधी जाऊ या, हे मी बाबांना विचारलं. "बघू" म्हणाले.

संध्याकाळी खिंडीपर्यंत जाऊन आलो. चढावर मी तिसऱ्यातून दुसरा टाकला, गाडी निमूट चढली. गिअर बदलताना माझं लक्ष शेजारी गेलं. दर वेळी त्यांचा डावा पाय समोरच्या रिकाम्या जागेत, फूटमॅटवर दाबला जात होता.