नाव पाण्याजोगती असावी

राजूर (कॉलरी), ता. वणी, जि. यवतमाळ
कार्तिक शुद्ध द्वादशी

चि. भाच्यास मामाचे अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मासेमारीसाठी कयाक घ्यावी, ती बेताच्या रकमेत बसावी, आणि सुट्टीत राजुरास येशील तेव्हा वर्धेच्या पात्रात व सवड झाल्यास बेंबळ्याच्या जलाशयात तिचा उपयोग व्हावा, हा तुझा मनोदय वाचून मला मनापासून आनंद झाला; कारण कोळसा, चुना आणि कापूस यांखेरीज दुसऱ्या गोष्टीचा विचार ज्या मुलखात सहसा होत नाही, तेथे नदीकडे प्रेमाने पाहणारा एक तरुण आपल्या घरात निपजावा, ही समाधानाचीच गोष्ट आहे. सबब तू मागितलेला सल्ला सविस्तर देतो.

प्रथम एक तत्त्व सांगतो, आणि पुढचा सगळा तपशील त्याच्याच अनुरोधाने वाच. ज्या पाण्यावर नाव चालणार आणि ज्या देहाला ती वाहणार, त्या दोहोंच्या मापाने ती ठरवावी. दुकानातल्या मांडणीवरून ठरवू नये. उत्तर ध्रुवाकडच्या ज्या लोकांनी कयाक प्रथम घडविली, त्यांनी वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणले, आणि तिची मापे मालकाच्याच वावेने, मुठीने व कंबरेच्या रुंदीने घेतली. आपल्याकडचे भोई-ढिवरही याच न्यायाने वागत आले आहेत: पात्रात लांबवर जाळे टाकावयाचे तर डोंगा, आणि साचलेल्या पाण्यात एकट्याने फिरावयाचे तर थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफा. त्या तराफ्यावर पाय दुमडून बसलेला मासेमार एकदा निरखून पाहा. हातांत फळीचे दोन आखूड तुकडे, त्यांनीच तो पाणी मागे ओढतो; जाळे मांडीसमोर घडी घालून ठेवलेले; आणि ते एका हाताने सोडीत असता दुसऱ्या हाताने तो तराफा असा आवरून धरतो की तो तसूभरही कलत नाही. बैठक पाण्यालगत, ओझे मध्यावर, हात मोकळे आणि अनावश्यक असे काहीही जवळ नाही: मासेमारीच्या कयाकीकडूनही एवढेच मागावयाचे असते.

आता आपल्या पाण्याचा विचार कर. वर्धा ही मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावून, आपल्या तालुक्याच्या पूर्वसीमेवरून वाहत वढा-जुगादच्या संगमावर पैनगंगेला घेते. हिवाळ्यात तिचे डोह शांत असतात, परंतु दोन डोहांच्या मधे खडकाळ, उथळ धावा लागतात, तेथे नावेचा तळ घासतो. पावसाळ्यात वरच्या धरणांची दारे उघडली की तिची पातळी पाहता पाहता चढते. 2022 च्या जुलैत या काठच्या गावांनी ते पुरते अनुभवले आहे, म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत नदीवर नाव घालण्याचा विचारही करू नये. बेंबळ्यासारख्या जलाशयात प्रवाहाचे भय नाही, पण उघड्या पाण्यावर वारा मोकळा सुटतो आणि बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली उभे असतात. राहिले खाणींचे बंद खड्डे. या भागातल्या उघड्या खाणींत साचलेले निळे, निश्चल पाणी पाहून मन मोहते. पण त्यांचे काठ सरळ तुटलेले, माती घसरती आणि पाणी पहिल्याच पावलाला खोल असते, सबब पडलेल्या माणसाला वर चढण्यास जागाच मिळत नाही. त्या पाण्यात पाऊलही टाकू नकोस, ही आज्ञाच समज.

या पाण्याच्या मापाने पाहता हवा भरावयाची कयाक, स्वस्त आणि मोटारीच्या डिकीत मावणारी असली तरी, मी तुला सुचवीत नाही. आपल्या काठांवर बाभळीचा काटा सर्वत्र पसरलेला असतो, जलाशयात खुंट असतात, आणि वैशाखात पारा 45 अंशांकडे झुकला की उन्हात ठेवलेल्या कयाकीतली हवा प्रसरण पावून शिवणीवर ताण येतो. त्यापेक्षा साच्यात फिरवून घडविलेली, जाड पॉलिएथिलीनची, वर बसावयाची कयाक घ्यावी. तिच्या पोटात शिरावे लागत नाही. बैठक माथ्यावर असते, आणि आत आलेले पाणी आरपार भोकांतून आपोआप निचरून जाते. ती उलटली तरी भरून बुडत नाही, सरळ करून पुन्हा वर चढता येते, आणि नवशिक्यास हा गुण अन्य सर्व गुणांहून मोलाचा आहे.

लांबी 10 ते 12 फूट आणि रुंदी 30 ते 34 इंच असावी. लांब नाव सरळ व वेगाने जाते, रुंद नाव स्थिर राहते पण वल्हविताना दमविते. वळणावळणाच्या नदीला आणि मध्यम जलाशयाला हे माप दोहींकडून मानवते. भारक्षमतेचा जो आकडा कारखानदार देतो, त्याच्या दोन तृतीयांशाइतकेच ओझे, तुझ्या देहासकट, गृहीत धर. कारण पूर्ण भार घातलेली कयाक तरंगते खरी, परंतु चालत नाही. वजन 25 ते 35 किलोंपर्यंत असते. ती एकट्याला उतारावरून पाण्यापर्यंत नेता आली पाहिजे, हे विकत घेण्यापूर्वी प्रत्यक्ष उचलून पाहा.

रक्कम वाचवावयाची असेल तर वापरलेली कयाक शोधावी. जलक्रीडेच्या ठिकाणी भाड्याने चालविलेल्या कयाकी हंगामाअखेर विकावयास निघाल्या, तर त्यांवर लक्ष ठेव. मात्र डोळे उघडे ठेवून सौदा कर. कयाक उलटी घालून मागच्या टोकाचा तळ पाहा. ती ओढत नेली जाते तेव्हा तेथेच प्लास्टिक झिजून पातळ होते. मग निचऱ्याच्या प्रत्येक भोकाच्या कडेवरून बोट फिरव. केसासारखी चीर लागली तर सौदा सोडून दे. रंग पांढुरका पडून अंगठ्याने दाबल्यावर प्लास्टिक करकरत असेल, तर उन्हाने त्याचा जीव गेला असे समज. शेवटी पोटात बादलीभर पाणी ओतून, बूच लावून, ती चारी अंगांनी कलती कर आणि कोठे थेंब येतो काय ते पाहा. घरी आणल्यावर ती सावलीत, कुशीवर किंवा उलटी ठेवावी. मी गोठ्यालगतची ओसरी तिच्यासाठी मोकळी करवितो.

येथे वाचविलेला पैसा कोठे घालावा, तर जीवरक्षक जाकिटात आणि वल्ह्यात. 14 सप्टेंबर 2021 रोजी याच वर्धेत, वरूड तालुक्यात झुंज येथे, नाव उलटून 11 माणसे गेली. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण बुडाले. पाण्याला पोहणाऱ्याची भीड नसते. निदान 50 न्यूटन उत्प्लावनाचे, तुझ्या छातीस घट्ट बसणारे, भडक रंगाचे जाकीट घे, आणि ते अंगावर असू दे. नावेत ठेवलेले जाकीट नसल्यासारखेच. त्यास एक शिटी बांध. वल्हे 230 ते 240 सेंटिमीटरचे, हाताला पेलेल तितके हलके, आणि दोरीने नावेस जखडलेले असावे, कारण दिवसभरात ते शेकडो वेळा उचलावे लागते आणि हातातून सुटलेले वल्हे म्हणजे हातातून सुटलेली नाव.

बाकीचा सरंजाम घरीच होतो. भाजीबाजारातला प्लास्टिकचा क्रेट बैठकीमागे दोरीने आवळ, त्याच्या कडेला नळाच्या पाइपाचे दोन तुकडे उभे बांध, म्हणजे गळाच्या काठ्या ठेवण्याची सोय झाली. मासे शोधण्याचे यंत्र तूर्त नको. खोली पाहण्यास शिसे बांधलेली सुतळी पुरते. दीड किलोचा घडीचा नांगर जरूर घे, पण तो कुशीला कधीही बांधू नकोस. वाहत्या पाण्यात कुशीला बांधलेला नांगर नावेची ती बाजू खाली खेचतो आणि क्षणात ती पालथी होते. दोर नेहमी टोकास असावा, आणि तो तत्काळ कापता येईल अशी सुरी जाकिटावर असावी. पहिल्या दिवशी गळ घरीच ठेव. कमरेएवढ्या पाण्यात, माझ्यासमोर, कयाक मुद्दाम उलटी कर, ती सरळ कर, पाय मारीत पोटावर आडवा चढ आणि मग वळून बैस. हे न अडखळता साधल्याखेरीज खोल पाण्याकडे जाणे नाही.

आणखी एक गोष्ट, आणि तिला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. जलाशयांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. ते पाणी त्यांच्या चुलीचा आधार आहे. त्यांच्या संमतीवाचून तेथे गळ टाकू नकोस, त्यांच्या जाळ्यांच्या तरंगत्या खुणांपासून दूर राहा, आणि अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्याकडे फिरकूही नकोस. पाण्याच्या पृष्ठभागावर मरळीच्या पिल्लांचा तांबूस थवा दिसला, तर खाली आईबाप राखण करीत आहेत असे समजून गळ आवर. ती जोडी उचललीस तर सगळी वीण दुसऱ्या माशांच्या पोटात जाईल. एखाद्या जाणत्या ढिवरास विनयाने विचारशील, तर कोणत्या डोहात रोहू आहे, कोणत्या खडकाखाली वाम बसते आणि कोणता वारा धोक्याचा, हे ज्ञान तुला कोणत्याही दुकानात न मिळणारे मिळेल.

तात्पर्य, साधी, रुंद, चीर नसलेली कयाक, उत्तम जाकीट, हलके वल्हे, आणि ठेकेदार संस्थेची परवानगी. या चार गोष्टींत तडजोड करू नकोस, उरलेल्या सर्वांत काटकसर खुशाल कर. आणि पैसे मोजावयाचेच असतील, तर ते आधी जाकिटासाठी मोज, मग कयाकीसाठी. तुझ्या आईस नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा