यादीतली माणसं

बालाघाटच्या डोंगररांगेत नोव्हेंबर म्हणजे गावं रिकामी होण्याचा महिना. दिवाळी सरली की पाटोदा, आष्टी, शिरूर कासारकडच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूरकडं, कुणी थेट बेळगावला. मागं उरतात म्हातारी माणसं, त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी पोरं आणि दारोदारची कुलपं. 2024 साली विधानसभेचं मतदान आलं 20 नोव्हेंबरला, आणि गाळप हंगाम ठरला 15 नोव्हेंबरपासून. अशा दिवसांत इथल्या एखाद्या पक्षाच्या साध्या कार्यकर्त्याचा दिवस कसा जातो, ते मी जवळून पाहिलं आहे.

तो उठतो ते मतदार यादी जवळ घेऊनच. पानं सुटी झालेली, कडा घामानं मऊ पडलेल्या, नावांपुढं पेन्सिलीच्या खुणा. आपला, समोरचा, आणि ज्याच्याशी अजून बोलायचं आहे तो. लांबून बघणाऱ्याला ती मतांची बेरीज वाटेल. ओट्यावर त्याच्या शेजारी बसून ती यादी ऐकावी लागते. हे आजोबा वारले, नाव अजून कमी झालेलं नाही. ही पोरगी लग्न होऊन गेवराईला गेली. तिकडं नाव लागलं का, तिच्या भावाला विचारायचं. या दोघी जावा, पण बोलत नाहीत. दोन्ही घरी वेगवेगळं जायचं. हा पुण्यात सिक्युरिटीला आहे. गाडीभाडं मागत नाही, फक्त आपल्याला कुणी बोलावलं एवढंच त्याला हवं असतं. तलाठ्याकडं सातबारा असतो, ग्रामसेवकाकडं जन्ममृत्यूची नोंद. पण कोण कुठं आहे आणि कशात अडकलंय, हे सगळं ठाऊक असलेलं माणूस गावात हे एवढंच.

मग दारं. उमेदवार हात जोडून गाडीतून पुढं गेलेला असतो. थांबून ऐकून घ्यायचं काम याचं.

“मावशी, येऊ का?”

“ये बाबा. चहा घे. पण आधी सांग, टाकीत पाणी कधी येणार?”

तो टाळत नाही. ज्या कामाचं ठाऊक आहे तेवढं सांगतो, ज्याचं ठाऊक नाही त्याला ‘विचारून सांगतो’ म्हणतो आणि वहीत लिहून घेतो. ही वही मला फार मोलाची वाटते. जाहीरनामे मुंबईत निघतात. या वहीत टाकीचं पाणी असतं, निराधारच्या पगारासाठी अडलेला दाखला असतो, रात्री गुल होणारी लाइट असते. शेवटच्या रात्री पाकिटं वाटून हे सगळं फिरणं मातीत घालवणारे सगळ्याच बाजूंना असतात. त्यांना कार्यकर्ता म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुपार जाते फोनवर. टोळी नेणाऱ्या मुकादमाला.

“मुकादम, आपल्या गावचे किती कोयते आहेत तुमच्याकडं? वीस तारखेला सोडा की त्यांना.”

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे दोन मतं. पलीकडून मुकादम म्हणतो, “फड सुरू झालाय दादा. एक दिवसाचा खाडा कोण भरून देणार?” त्याचंही खोटं नाही. मजुरानं उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत त्याचे दिवस त्याचे नसतात. कायदा मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देतो. पण टनावर मजुरी मिळणाऱ्या, उसाच्या कडेला कोपीत राहणाऱ्या बाईपर्यंत ती सुट्टी पोहोचत नाही. शिवाय जाण्यायेण्याची रात्र, मागं बैलांना वैरण कोण टाकणार, ही चिंता वेगळीच. तरी तो पुन्हा फोन लावतो. या वेळी मुकादमाला नाही, त्या बाईच्या सासऱ्याला.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून 200 मीटर लांब एक टेबल, दोन खुर्च्या. पांढऱ्या कागदाची स्लिप, तिच्यावर ना चिन्ह ना उमेदवाराचं नाव. नुसता भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि त्या माणसाचं नाव. आत पोलिंग एजंट पहाटेच जाऊन बसलेला. त्याच्यासमोर निदान 50 मतांचं अभिरूप मतदान होतं, यंत्र पुन्हा कोरं केलं जातं आणि सात वाजता दार उघडतं. मतदार तोतया वाटला तर दोन रुपये भरून एजंटला आक्षेप घेता येतो. संध्याकाळी सहाला रांग उरलीच, तर केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटत येतो, म्हणजे मागून कुणी घुसू नये आणि आलेला कुणी परत जाऊ नये. या नियमावर माझा फार जीव आहे. रात्रभर टेम्पोत उभं राहून आलेला माणूस सहाच्या आत त्या रांगेत पोहोचला, की त्याचं मत कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

पण तो पोहोचला कसा? एका माणसानं वर्गणीतून टेम्पोच्या डिझेलची सोय लावली म्हणून नव्हे; तेही कायद्यात बसत नाही, मतदारांची ने-आण उमेदवाराच्या वतीनं करणं हा गैरप्रकारच आहे. तो पोहोचला स्वतःची मजुरी बुडवून, स्वतःच्या खिशातून भाडं भरून. कार्यकर्त्याच्या हाती होता फक्त फोन. ज्याला मजुरी बुडवणं परवडलं नाही, त्याच्या नावापुढं खूण तशीच राहिली.

सीमेवरच्या जवानाला टपालानं मत देता येतं. 85 वर्षांपुढच्या आजीच्या घरी मतदान पथक येतं. डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगानं स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता. एका यंत्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल, असा तो आराखडा होता. 2024 ची विधानसभा त्याच्याविना पार पडली. कारखान्याच्या गावात, फडापासून चालत जाता येईल अशा शाळेत ते यंत्र ठेवा. वर्षातले निम्मे महिने परजिल्ह्यात राबणाऱ्या माणसांचं मत एका कार्यकर्त्याच्या फोनवर आणि मुकादमाच्या मर्जीवर सोडू नका.