पायाखालचे पठार

डोंगरावर राहणाऱ्याला आपण उंचावर आहोत याचा विसर पडत नाही. पठारावर राहणाऱ्याला ते आठवतही नाही. आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात. चारी बाजूंना सपाट शिवार. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर राहतो, हे शाळेतील भूगोलाने सांगितले. त्याचा अर्थ मात्र दुकानाच्या गादीवर बसून आणि आप्तांच्या निमित्ताने घडलेल्या प्रवासांतून उमगला.

दख्खनचे हे पठार अग्नीने घडविले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. त्याची झीज होऊन काळी माती झाली. ती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरता सरता पेरलेली ज्वारी नुसत्या ओलीवर आणि थंडीवर पिकते. ज्वारी, तूर, कापूस. आमच्या आडतीचा सारा जमाखर्च या मातीनेच लिहिलेला आहे.

परंतु सह्याद्री पश्चिमेचे ढग अडवितो. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशे-सहाशे. पडलेले पाणीही थांबत नाही, कारण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. खालचा कातळ घट्ट. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत तेवढे.

थोरल्या कन्येचे सासर इंदूरला. तेथील माती आमच्यासारखीच काळी, कारण माळव्याचे पठारही बव्हंशी त्याच लाव्ह्याचे. उतार मात्र उत्तरेकडे; चंबळ आणि बेतवा यमुनेस मिळतात. चुलतबंधूंची पेढी बंगळूरला, सुमारे नऊशे मीटर उंचीवर. तेथे काळी माती संपून लाल माती लागते आणि खाली ग्रॅनाइट असतो. श्रवणबेळगोळची ५७ फुटी बाहुबली मूर्ती अशाच एका अखंड शिळेतून प्रकटली, तर आपल्या वेरूळची जैन लेणी दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरली गेली. एकाच वीतरागतेला दोन पठारांनी दोन रूपे दिली.

शिखरजीची यात्रा घडली तेव्हा छोटा नागपूरचे पठार पाहिले. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेला पारसनाथ १,३६५ मीटर उंच आहे. त्याच पठारावर, दामोदरच्या खोऱ्यात, झरियाच्या कोळसाखाणींत शतकाहून अधिक काळ भूमिगत आगी धुमसत आहेत. परिग्रहत्यागाचे शिखर आणि उपसण्याला अंत नसलेली खाण इतकी जवळ पाहून मन विचारात पडले.

मेघालयाचे पठार मी पाहिलेले नाही. भूगोलाच्या दृष्टीने तो आपल्याच द्वीपकल्पीय पठाराचा दूर पडलेला भाग. तेथील मॉसिनरामला सरासरी ११,८०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तरीही त्या परिसरातील चेरापुंजीला हिवाळ्यात पाणीटंचाई भासते, कारण आलेले पाणी उतारावरून निघून जाते. व्यापाऱ्याला हे समजणे अवघड नाही. आवक कितीही मोठी असो, पेढी तरते ती शिलकीवर.

आजोबांनी हे भूगोल न शिकताच जाणले होते. १९७२ च्या दुष्काळातील त्यांची खतावणी माझ्याजवळ आहे. त्या वर्षी खेड्यापाड्यांतील खातेदारांच्या नावापुढे व्याजाचा आकडा नाही. पानोपानी केवळ ‘बाकी पुढे’ एवढीच नोंद आहे. ते म्हणत, “या जमिनीवर पाणी थांबत नाही, निदान आपण थांबावे.” पुढच्या सुगीला माल आमच्याच आडतीवर आला. ती शिल्लक आम्ही आजतागायत खात आहोत.

आज प्रश्न घरातच उभा आहे. गोदामामागील बोअर आटला. चिरंजीव म्हणतात, “बाबूजी, आणखी खोल जाऊ. आपण उपसले नाही, तर शेजारचा उपसेल.” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे; कामगारांना पाणी लागते आणि टँकर महाग पडतो. पण खोल कातळातील पाणी म्हणजे मुद्दल आहे, आणि मुद्दल खाणारी पेढी कोणत्या पिढीत बुडेल, एवढाच प्रश्न उरतो. आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याची रीत आहे. पाण्यातही जीव आहे असे आपण मानतो. ती दृष्टी घागरीपाशीच का संपावी?

तूर्त असे ठरले आहे: नव्या बोअरसाठी काढून ठेवलेली रक्कम प्रथम गावतळ्यातील गाळ काढण्यास द्यावयाची, गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत न्यावयाचा, आणि दोन पावसाळे वाट पाहावयाची. चिरंजीवांनी होकार दिला आहे, परंतु पुरत्या मनाने नव्हे. तेही समजण्यासारखे आहे.

वाचकहो, आपली पेढी ज्या पठारावर उभी आहे, तेथील तळ्याचा गाळ किती वर्षांत निघाला नाही, हे या उन्हाळ्यात एकदा स्वतः जाऊन पाहावे.