उस्ताद

कारागिराचे मोठेपण दुकानाच्या पाटीवरून कळत नाही. आमच्या इस्लापूरच्या उस्तादांच्या दुकानाला तर पाटीच नव्हती. वर पत्रे, दारात कडुलिंब, आत एक जुनाट लेथ आणि कोपऱ्यात भट्टी, एवढ्यावर त्यांचा कारभार. पण पंचक्रोशीत कोणाची फटफटी रुसली, की ती बैलगाडीत घालून इथेच आणीत.

गाव तसे आडबाजूचे. 1956 पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होते. राज्यपुनर्रचनेत नांदेडकडे आले. भोवती सागाचे रान, जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. अशा ठिकाणी फटफटीचा सुटा भाग मिळायचा कुठून? राजदूत किंवा बुलेट असली, तर निदान नांदेडला चिठ्ठी धाडून वाट पाहता येई. विलायती गाडीच्या नशिबी तेही नसे.

गावातल्या एका लाकूड ठेकेदारांकडे अशीच एक बी.एस.ए. होती. एम-20, 496 सी.सी.ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने वापरली त्याच जातीची. 1973 साली कंपनीचा बर्मिंगहॅममधला मोटारसायकलींचा धंदा बुडाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी ठेकेदारांचा पिस्टन फुटला.

"उस्ताद, आता हिला भंगारात घालू काय?"

"भंगारातूनच तर काढायची हाय, मालक!"

आणि खरोखरच त्यांनी भंगारातून पिस्टन काढला. जर्मनची भांडी घेऊन येणाऱ्याला त्यांनी परत पाठवले. ती धातू मऊ, इंजिनात टिकायची नाही. त्यांना हवे होते ट्रकचे जुने पिस्टन, कारण त्या ॲल्युमिनियमात सिलिकन मिसळलेले असते. सागाच्या लाकडाचा फर्मा केला, तोही मापापेक्षा अंमळ मोठा. ओतीव निवताना आकसते ना! नदीची वाळू गुळाच्या पाण्यात मळून साचा भरला. लेथवर 82 मिलिमीटरच्या सिलिंडरचे माप साधले, आणि मग उस्ताद हातात बारीक कानस घेऊन बसले.

पिस्टन गोल नसतो, हे मला त्या दिवशी कळले. तो किंचित लंबगोल असतो. पिनेपाशी धातू जाड, म्हणून तापल्यावर तिकडे अधिक फुगतो. शिवाय ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गार असताना घट्ट बसवलेला पिस्टन वाटेत अडकणार. फार सैल ठेवला, तर खडखडणार. ही मधली जागा उस्ताद बोटाने ओळखीत. कानस एकदा फिरवायची, पुसायचे, पुन्हा चाचपायचे. तीन दिवस हेच चालले होते.

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनेही असेच घरी पिस्टन ओतले. 1920 सालच्या आपल्या 'इंडियन' गाडीवर 1967 मध्ये त्याने बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा विक्रम केला. पुढे त्याच्यावर चित्रपटही निघाला. आमच्या उस्तादांचा विक्रम एवढाच, की ठेकेदार त्या गाडीवरून किनवटचा बाजार करून संध्याकाळी घरी परत आले.

"उस्ताद, पिस्टनवर आपलं नाव तरी कोरा," मी एकदा म्हणालो.

"नाव कोरलं की वजन कमी होतं, गुरुजी," ते हसून म्हणाले.

मापे लिहून ठेवा, असेही मी पुष्कळदा सुचवले. ती त्यांनी भिंतीवर खडूने मांडली होती. ते गेले, दुकान दुसऱ्याने घेतले, भिंतीला चुना लागला. फर्मे थंडीच्या दिवसांत शेकोटीत गेले. आज गावात फटफट्या कितीतरी आहेत. बिघडलेला भाग काढून नवा बसवणारी चलाख पोरेही आहेत. पण नवा भाग कुठेच मिळत नाही, तेव्हा काय करायचे, हे कोणाला विचारावे?

ती बी.एस.ए. पुढे एका हौशी संग्राहकाने विकत घेतली. त्यांच्या बंगल्यात ती चकचकीत उभी आहे. मी पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी कौतुकाने एका किकेत ती सुरू केली आणि म्हणाले, "आवाज ऐका! आतला एकेक भाग अस्सल बर्मिंगहॅमचा आहे."

उस्तादांच्या कामाची याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.